सात बाय आठच्या स्वयंपाकघरात संसार मावेल का?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या चिंचवडला भाड्याच्या घरात राहतात. घरात पती, सहावीतली मुलगी आणि सासूबाई धरून चार माणसे आहेत. त्यांची नोकरी पिंपरीत आहे. वर्षभर घरे पाहून झाल्यावर निवड दोन घरांवर येऊन थांबली आहे. पहिले घर रावेतला, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आहे. त्याचे कार्पेट क्षेत्र ६४० चौरस फूट, किंमत सुमारे साडेचौपन्न लाख, आणि मुलीची शाळा व त्यांची कचेरी दोन्ही जवळ. मात्र स्वयंपाकघर जेमतेम ७ फूट बाय ८ फूट असून त्याला लागून धुण्याभांड्यांसाठीची एक लहान ड्राय बाल्कनी आहे. दुसरे घर तळेगाव दाभाड्याला, जवळजवळ तेवढ्याच किमतीत आहे. तिथले स्वयंपाकघर ९ बाय ११ असले, तरी रोजच्या जाण्यायेण्यात दीड तास जास्त मोडणार आहे. ‘मॉड्युलर किचन करून घेऊ, सगळे बसते,’ असे पती म्हणतात. वर्षाचा दीड क्विंटल गहू, पितळी भांडी, दिवाळीचा फराळ आणि देवघर या सगळ्याचे काय करायचे, असे सासूबाई विचारतात. फ्रिज हॉलमध्ये ठेवावा लागेल, आणि ते बरे दिसत नाही, ही तक्रार दोघांचीही आहे. ‘केवळ स्वयंपाकघरासाठी चांगले घर नाकारणे हा माझा हट्ट आहे का? आणि लहान स्वयंपाकघराचे घर घेतले, तर पुढे वीस वर्षे पस्तावेन का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देते. हा हट्ट नाही. ज्या खोलीत रोज पहाटेपासून उभे राहायचे आहे, तिच्याविषयी चौकस असणे याला हट्ट म्हणत नाहीत. हॉलमध्ये सोफा कुठे बसेल याची चर्चा घरोघरी तासभर चालते आणि तिला कोणी हट्ट म्हणत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र इतके सरळ उत्तर नाही, कारण तो ज्या रीतीने मांडला आहे, त्यात एक गृहीत दडलेले आहे. तुम्ही ५६ चौरस फूट आणि ९९ चौरस फूट हे दोन आकडे समोरासमोर ठेवले आहेत आणि मोठा आकडा म्हणजे मोठी सोय, असे धरून चालला आहात. घरांच्या अंतर्गत मांडणीचे काम मी बरीच वर्षे करते आहे, पण हा धडा मला स्वतःच्या घराने शिकवला. आमच्या पहिल्या घराचे स्वयंपाकघर दहा बाय दहा होते आणि मला त्याचा अभिमान वाटत असे. त्या चौकोनाच्या तीन भिंतींना तीन दारे होती: एक हॉलचे, एक बाल्कनीचे, एक न्हाणीघराचे. त्यामुळे ओट्याचे तीन तुकडे झाले होते. सिंक एका भिंतीला आणि गॅस समोरच्या भिंतीला, म्हणून तांदूळ धुतलेले पातेले निथळत घेऊन मी दिवसातून दहादा खोली ओलांडत असे, आणि फरशीवरचा तो ओला पट्टा पुसणे हे माझे अकरावे काम असे. पोळपाट ठेवला की चिरायला जागा उरत नसे. पुढे आम्ही राहिलो ते स्वयंपाकघर त्याच्या दोनतृतीयांशही नव्हते, पण त्याला एका भिंतीला सलग आठ फूट ओटा होता आणि माझी वणवण थांबली.

तुम्हाला मिळणारे ५६ चौरस फूट म्हणजे सुमारे ५.२ चौरस मीटर. जेवणाची जागा वेगळी असेल, तर स्वयंपाकघर निदान ५ चौरस मीटर आणि रुंदीला निदान १.८ मीटर असावे, असे नॅशनल बिल्डिंग कोड ही देशाची बांधकाम-संहिता सांगते. म्हणजे तुमचे स्वयंपाकघर नियमात बसते, पण किमान मर्यादेला खेटून बसते. लहान स्वयंपाकघराचा विचारपूर्वक प्रयोग १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टमध्ये झाला. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या घरांसाठी सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचे, म्हणजे जेमतेम सत्तर चौरस फुटांचे स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढे होते. वाया जाणारे प्रत्येक पाऊल त्यांनी वाचवले आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बसवली गेली. पुढे त्यावर जी टीका झाली, ती केवळ जागा अपुरी असल्याची नव्हती. त्या स्वयंपाकघरात एकच बाई मावत असे, आणि ती घरातल्या इतर माणसांपासून तुटून एकटीच काम करत राही, हा खरा आक्षेप होता. तो ध्यानात ठेवा, कारण तुमच्या पत्रालाही तो लागू पडतो आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता मोजणी चौरस फुटांनी न करता ओट्याने करू. आपल्या रोजच्या स्वयंपाकाला सलग किती लांबी लागते? दोन फूट सिंकला आणि अडीच फूट तीन शेगड्यांच्या गॅसला धरा. या दोहोंच्या मधोमध निदान तीन फूट मोकळी, न तुटलेली जागा हवी. तिथेच भाजी चिरली जाते, कणीक मळली जाते, पोळ्या लाटल्या जातात आणि उतरवलेला कुकर क्षणभर टेकवला जातो. गॅसच्या पलीकडे अर्धा फूट सोडावा, म्हणजे कढईचा कान किंवा तव्याची मूठ भिंतीला घासत नाही. ही बेरीज आठ फूट होते. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातील आठ फुटांची भिंत पूर्ण मोकळी असेल, तिच्यात मध्येच दार, खांब किंवा पाइपांचा डक्ट नसेल, तर रोजचा स्वयंपाक तिच्यावर नीट होतो. तळेगावच्या ९ बाय ११ मध्ये एवढी सलग भिंत आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. मला शंका आहे की तुम्ही ती पाहिलीही नसेल, कारण मोठी खोली दिसली की आपण तपासणे सोडून देतो.

यानंतर दार पाहा. दार सात फुटांच्या भिंतीत असणार, असे नकाशाच्या तुमच्या वर्णनावरून वाटते. ते कोपऱ्याला अगदी चिकटून आहे की कोपऱ्यापासून फूटभर आत आहे? हा एक फूट फार मोलाचा आहे. दार फूटभर आत असेल, तर ओट्याच्या समोरच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत फूटभर खोलीची मांडणी बसते. सात फुटांपैकी दोन फूट ओटा आणि एक फूट मांडणी जाऊन मध्ये चार फूट वावरायला उरतात, आणि दोन माणसे एकमेकींना धक्का न लावता पाठीला पाठ करून काम करू शकतात. फूटभर खोलीत एकापाठोपाठ एक दोनच डबे राहतात, त्यामुळे मागचा डबा विसरला जात नाही. दार कोपऱ्याला चिकटलेले असेल, तर ही सगळी भिंत हातची जाते. ड्राय बाल्कनीच्या दारालाही हाच हिशोब लावा. समोरासमोर दोन दोन फुटांचे दोन ओटे करण्याचा मोह मात्र सात फूट रुंदीत टाळा, कारण मध्ये तीनच फूट राहतात आणि एकजण ट्रॉली उघडून वाकली की दुसरीची वाट बंद होते.

माहितीपत्रकावर छापलेले माप आणि घर हाती आल्यावरचे माप यांत फरक पडतो. नकाशातले माप विटेपासून विटेपर्यंतचे असेल, तर प्लास्टर आणि टाइल चढल्यावर दोन्ही बाजूंचे मिळून दोन-तीन इंच जातात. ऐसपैस खोलीत ते कळत नाहीत, पण सात फुटांत कळतात. म्हणून तयार झालेल्या एखाद्या मजल्यावर तसेच घर उघडायला लावा आणि स्वतः टेप लावून मोजा. सँपल फ्लॅटवर विसंबू नका. तिथे पुष्कळदा आतली दारे लावलेलीच नसतात, आणि फ्रिजच्या जागी फ्रिजसारखी दिसणारी एक अरुंद पेटी उभी असते. रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे कार्पेट क्षेत्रात आतल्या भिंतींची जाडी धरली जाते आणि बाल्कनी धरली जात नाही, तेव्हा ड्राय बाल्कनीचे माप वेगळे विचारून लिहून घ्या. मंजूर नकाशा महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकावरून पाहता येतो. माहितीपत्रकातला रंगीत नकाशा बाजूला ठेवून तो पाहावा.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘पुढेमागे स्वयंपाकघर आणि हॉल यांमधली भिंत काढून ओपन किचन करता येईल, असे विक्रेत्याने सांगितले.’ इथे सावध व्हा. हल्लीच्या अनेक उंच इमारती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात, म्हणजे ज्याला सगळे ‘मायवान’ म्हणतात त्या पद्धतीने, ओतल्या जातात. त्यांत आतल्याही बहुतेक भिंती काँक्रीटच्या असून त्या इमारतीचा भार पेलतात. अशी भिंत पाडता येत नाही, तिच्यात नवी खिडकीही काढता येत नाही. जुन्या पद्धतीच्या इमारतीत कॉलम आणि बीम भार घेतात आणि मधली चार इंची विटांची भिंत नुसता आडोसा असते. ती संरचना अभियंत्याच्या सल्ल्याने आणि रीतसर परवानगीने काढता येऊ शकते. तुमची इमारत कोणत्या प्रकारची आहे, हे विक्रेत्याला न विचारता बांधकामावरच्या अभियंत्याला विचारा. काँक्रीटची भिंत असेल, तर आणखी एक गोष्ट ओघाने येते. विजेच्या नळ्या भिंत ओततानाच आत टाकलेल्या असतात, त्यामुळे मागाहून एखादा पॉइंट हलवायचा म्हटले तर भिंत खोदणे अवघड असते आणि शेवटी वायरची पांढरी पट्टी टाइलवरून धावू लागते. मिक्सर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, फ्रिज, मायक्रोवेव्ह, इंडक्शन आणि चिमणी यांच्या जागा आजच कागदावर ठरवा. इंडक्शन आणि मायक्रोवेव्हसाठी स्वतंत्र १६ अँपिअरचे पॉइंट मागा, आणि जे ठरेल ते लेखी घ्या. इमारत अपुरी असण्याचा तुम्हाला मिळणारा फायदा हाच आहे, आणि भिंत ओतून झाली की तो संपतो.

ड्राय बाल्कनीविषयी माझे मत जरा ठाम आहे. लहान स्वयंपाकघराला ती असेल, तर ते स्वयंपाकघर लहान राहत नाही. खरकटी भांडी, धुण्याचे यंत्र, ओला कचरा, केरसुणी आणि बादल्या हा सारा ओला संसार बाहेर गेला, की आत फक्त शिजवणे उरते. पण तीच बाल्कनी लोक काच लावून बंद करतात आणि तिथे कपाट उभे करतात. स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी जर त्या बाल्कनीत उघडत असेल, तर हे म्हणजे स्वतःच्या नाकाला चिमटा लावणे आहे. फोडणीचा खकाणा मग हॉलच्या पडद्यांत जाऊन बसतो. शिवाय परवानगीविना बाल्कनी बंद करण्यावरून सोसायटीशी वाद होतात ते वेगळेच. खिडकी, वारा आणि पाण्याचा निचरा या गोष्टी मागाहून विकत मिळत नाहीत. फळ्या आणि ट्रॉल्या कधीही मिळतात.

गॅसची जागाही आताच पाहावी. इमारतीत पाइपने गॅस येणार असेल, तर ओट्याखालची बरीच जागा मोकळी होते, म्हणून तो नक्की केव्हा येणार, हे विचारा. सिलिंडर वापरावा लागणार असेल, तर १४.२ किलोचा सिलिंडर दोन फुटांहून थोडा उंच आणि फूटभराहून थोडा रुंद असतो आणि तो उभाच ठेवावा लागतो. ट्रॉल्यांच्या नादात त्याला बंदिस्त कपाटात कोंडू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तळाशी साचतो, म्हणून त्या कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूने जाळी हवी.

आता दुसऱ्या गृहीताकडे वळते. स्वयंपाकाशी संबंध असलेली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक काम स्वयंपाकघरातच असले पाहिजे, असे तुम्ही तिघांनीही धरले आहे. आपल्याकडे असे कधीच नव्हते. जुन्या घरात स्वयंपाकघर ही चुलीची जागा होती, आणि स्वयंपाक मात्र घरभर चालत असे. तांदूळ पडवीत निवडले जात, शेंगा माजघरात बसून सोलल्या जात, दळण ओसरीवर, वाळवण अंगणात, आणि धान्य कोठीच्या खोलीत. उतरंड आणि शिंकाळे ही कमी जमिनीत जास्त सामान बसवण्याचीच साधने होती. फ्लॅटमध्ये आल्यावर आपण ही सगळी कामे आणि त्यांचा सरंजाम एका खोलीत कोंबला, आणि मग ती खोली लहान पडते म्हणून कुरकुरू लागलो.

त्यामुळे फ्रिज हॉलमध्ये ठेवण्यात मला काही गैर वाटत नाही. त्याने स्वयंपाकघरातली भिंतीची दोन फूट लांबी अडवण्यापेक्षा तो दाराबाहेर, जेवणाच्या टेबलाशेजारी उभा राहिला, तर मुलगी पाण्यासाठी दर दहा मिनिटांनी तुमच्या मध्ये येणार नाही. त्याचे दार कोणत्या बाजूला उघडते, एवढे मात्र जागा ठरवण्याआधी पाहा. जेवणाचे टेबल हा तुमचा दुसरा ओटा समजा. भाजी निवडणे, मटार सोलणे, डबे भरणे ही कामे बसून, गप्पा मारत होणारी आहेत. सासूबाईंना तासभर उभे राहणे जड जात असेल, तर त्यांनी पोळ्या टेबलाशी बसून लाटाव्यात आणि कोणीतरी त्या भाजाव्यात. देवघरही हॉलच्या शांत कोपऱ्यात भिंतीवर छान दिसते. फोडणीच्या धुरात देवांनाही ठसका लागत असेल, असे त्यांना हलकेच सांगून पाहा.

गव्हाचा प्रश्न थोडा नाजूक आहे, कारण त्यात सासूबाईंची आयुष्यभराची व्यवस्था आहे, आणि हंगामात भाव पाहून गहू भरणे हे शहाणपणच आहे. तरी हिशोब मांडू. दीड क्विंटल गव्हाला सुमारे दोनशे लिटरची जागा लागते, म्हणजे एक मोठे पिंप. त्या पिंपाखाली चार चौरस फूट जमीन जाते. रावेतच्या घराचा भाव तुमच्या आकड्यांवरून चौरस फुटाला साडेआठ हजार पडतो. म्हणजे गव्हाच्या नुसत्या बैठकीची किंमत चौतीस हजार रुपये झाली, आणि तीही घरातल्या सर्वांत अडचणीच्या खोलीत. गहू भरूच नये, असे मी म्हणत नाही. तो स्वयंपाकघरात भरू नये. लहान कोठ्या करून शयनगृहातल्या कपाटाच्या तळाशी ठेवाव्यात, नाहीतर पन्नास किलो करून वर्षातून तीनदा घ्यावा आणि स्वयंपाकघरात पंधरा दिवसांच्या पिठाचा एकच डबा असावा. तिखट, हळद, पोहे, डाळी यांनाही हेच लागू आहे. पाच किलोच्या पिशवीतले अर्धा किलो हाताशी असावे, उरलेले बाहेर.

भांड्यांसाठी वाद न घालता एक प्रयोग करा. सध्याच्या स्वयंपाकघरात एक फळी पूर्ण रिकामी करा आणि पुढचा महिनाभर वापरलेली प्रत्येक वस्तू धुऊन पुसून त्या फळीवर ठेवत जा. फळी भरली की शेजारची घ्या. महिनाअखेर जे जुन्या जागी तसेच बसलेले असेल, ते रोजचे नाही. त्यातले सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र आणि मोठी कढई माळ्यावर जातील, कारण ती वर्षातून दोन-तीनदा लागणारच. काही पितळी भांडी हॉलच्या मांडणीत शोभतील. उरलेल्यांचे काय करायचे, हे सासूबाईंनाच ठरवू द्या. स्वतःच्या हाताने ठरवलेली आवराआवर माणसाला कमी बोचते. माळा मात्र दोन फुटांपेक्षा खोल करू नका, आणि एक भक्कम पायऱ्यांचे स्टूल घ्या.

तुमच्या पतींच्या ‘मॉड्युलर केले की सगळे बसते’ या वाक्यात अर्धे सत्य आहे. खोलवर दडलेली वस्तू ट्रॉलीमुळे पुढे येते, हे खरे. पण ट्रॉलीच्या बाजू, पट्ट्या आणि प्लायची जाडी हेही जागा खातातच, आणि ओट्याखाली सरसकट लहान लहान जाळ्यांच्या ट्रॉल्या बसवल्या की मोठे पातेले कुठेच जात नाही. तीन-चार खोल खण, एक ताटांसाठी, एक मसाल्यांसाठी, आणि बाकी कडप्प्याचे साधे कप्पे ठेवले तर खर्च कमी आणि सोय जास्त होते. सिंकखाली प्लाय वापरायचेच असेल, तर आयएस ७१० या प्रमाणाचे पाण्यात टिकणारे प्लाय मागा, आणि शक्यतो तिथे कडप्पाच ठेवा. ओट्याची उंची कंत्राटदाराच्या सवयीवर सोडू नका. जिचे हात तिथे सर्वांत जास्त चालणार, तिच्या कोपराच्या उंचीपासून चार इंच खाली ओटा असावा.

आणि इथेच मला तुम्हाला विचारायचे आहे, की तिथे हात नक्की कोणाचे चालणार आहेत? तुमच्या पत्रात पती ‘बसते’ म्हणतात, सासूबाई ‘कुठे ठेवायचे’ म्हणतात, आणि पस्तावणार मात्र एकट्या तुम्ही आहात. फ्रँकफुर्टच्या त्या स्वयंपाकघराची गोष्ट यासाठीच सांगितली. चार माणसांच्या घरात सकाळी सहा ते आठ या वेळात एकटीच बाई पोळ्या, भाजी, तीन डबे आणि चहा करणार असेल, तर ९९ चौरस फूटही तिला पुरणार नाहीत. ‘लहान’ या शब्दामागे ‘एकटी’ हा शब्द लपलेला नाही ना, हे एकदा स्वतःशी तपासा. तसे असेल, तर तो प्रश्न बिल्डर सोडवणार नाही, तो जेवणाच्या टेबलावरच सुटेल.

तळेगावच्या घराचाही हिशोब याच दृष्टीने करा. रोजचा दीड तास, महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर महिन्याला सदतीस-अडतीस तास होतात. हे तास तुम्ही कुठून काढणार? झोपेतून, मुलीच्या अभ्यासातून, किंवा त्या मोठ्या स्वयंपाकघरातूनच. रात्री आठ वाजता लोकलमधून उतरून आलेल्या बाईला ९ बाय ११ च्या स्वयंपाकघरात खिचडीच टाकावीशी वाटते. दोघांपैकी एक घरून काम करणारे असते किंवा नोकरी तळेगावच्या बाजूला असती, तर मी वेगळे लिहिले असते.

राहता राहिली दिवाळी. चकल्या, शेव आणि अनारसे यांसाठी जास्त जागा लागते खरी, पण वर्षातल्या आठ दिवसांसाठी उरलेल्या दिवसांचे घर ठरवू नये. फराळाच्या वेळी हॉलमध्ये चटई घालून चकल्या पाडा आणि आत फक्त तळा. पूर्वी चाळीतल्या एका खोलीत फराळ होत असे, तो असाच, शेजारणींना हाताशी धरून.

तेव्हा माझा कौल रावेतच्या घराला आहे, पण तीन अटींवर. आठ फुटांची भिंत सलग मोकळी असली पाहिजे. खिडकी खऱ्या उघड्या हवेत उघडली पाहिजे, डक्टमध्ये नव्हे. आणि ड्राय बाल्कनीत नळ, निचरा आणि विजेचा पॉइंट असला पाहिजे. यांतली भिंतीची किंवा खिडकीची अट मोडत असेल, तर ते घर सोडा, आणि तळेगावला न जाता तिसरे घर शोधा. केवळ दार कोपऱ्याला चिकटलेले असेल, तर घर सोडण्याचे कारण नाही. मांडणी हॉलच्या बाजूला नेता येईल. ज्या वाचकांनी आधीच जुने वन बीएचके घेतले आहे आणि ज्यांचे स्वयंपाकघर सहा फूट रुंद आहे, त्यांनी समोरच्या भिंतीला फूटभराऐवजी आठ-नऊ इंच खोलीची मांडणी करावी. त्यात एका ओळीत सगळे डबे मावतात.

निर्णयापूर्वी घरच्या घरी एक गोष्ट करून पाहा. सध्याच्या हॉलमधले सामान सरकवून जमिनीवर खडूने ७ बाय ८ चा चौकोन आखा. दारांच्या जागा मोकळ्या सोडा, दोन फूट खोलीच्या ओट्याची रेघ मारा, आणि ओट्याच्या जागी घरातली टेबले सलग मांडून त्यांवर सिंक आणि गॅस यांच्या खुणा करा. मग एका रविवारी भाजी चिरण्यापासून डबे भरण्यापर्यंतचे सगळे काम, शिजवणे वगळून, त्या चौकोनात करा, आणि पतींनाही त्यात उभे करा. कोण कुठे अडते ते अर्ध्या तासात कळेल. त्यानंतर रावेतला जाल, तेव्हा टेप, वही आणि सासूबाई अशा तिघांना बरोबर न्या. त्या ज्या जागी उभ्या राहून ‘इथे माझा डबा कुठे ठेवायचा?’ असे विचारतील, ती जागा वहीतल्या नकाशावर टिपून घ्या.